फ्यूजच्या जागी लावलेली तार

नाव — ओळखपत्रावर आहे तेच. गल्लीत व दुकानात मला 'दुरुस्तीवाल्या वहिनी' म्हणतात.
वय — त्रेपन्न वर्षे.
धंदा — सोल्डर काढणे. (येथे आधी 'घरकाम' असे लिहिले होते. ते खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.)
शिक्षण — शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचन आपले आपण.
राहणार — दुरुस्तीच्या दुकानामागील खोली. दुकान पुढे, घर मागे, मध्ये पडदा.

मी आज बुधवारी, चोवीस तारखेला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन सांगते की, आमच्या गल्लीतले शिंपी, ज्यांना सगळे टेलर म्हणतात, यांच्या घरी शुक्रवारी, एकोणीस तारखेला जी आग लागली व ज्या आगीत त्यांची पत्नी मरण पावली, त्या आगीबद्दल मला माहिती आहे. मला कोणी बोलावलेले नाही. सोमवारी माझ्या दिराला बोलावले होते, कारण जळालेल्या खोलीत सापडलेल्या टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या डब्यावर आमच्या दुकानाच्या नावाची चिकटपट्टी होती. त्याने जे सांगितले ते मला माहीत आहे. सांगण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. सांगू नये म्हणून थोडा आणला, तो पुढे येईल.

आमच्या दुकानात टीव्ही, रेडिओ, चार्जर, गेमचे डबे यांची दुरुस्ती होते. कामाची वाटणी अशी होती की लावायचे काम माझ्या नवऱ्याचे आणि काढायचे माझे. लग्नानंतर काही वर्षे मी पडद्याआडूनच बघत असे. एकदा त्यांनी घाईघाईत एका बोर्डाचा भाग ओढून काढला आणि त्यासोबत खालचे तांबेही उपटून आले. मी तिकडून बोलून गेले, "ओढू नका, सुटायची वाट बघा." ते म्हणाले, "एवढं कळतं तर इकडं येऊन बस." तेव्हापासून बसले. त्याला बावीस वर्षे झाली. त्यांची जुनी मासिके व यंत्रांसोबत येणारी पुस्तके वाचायला मी तिथेच शिकले. अडले की विचारायचे. ते म्हणत, "मी चित्रं बघून काम करतो, ही अक्षरं वाचून करते, म्हणून हिच्या हातून चूक होत नाही." हे त्यांचे बोलणे गिऱ्हाइकांसमोर होत असे. ते खरे नाही.

सोल्डर काढण्यात एवढे काय असते, असे हवालदारांनी विचारले. त्याचा या आगीशी संबंध आहे म्हणून सांगते. बोर्डावरचा प्रत्येक भाग पायांवर उभा असतो. पाय बोर्डाच्या भोकांतून खाली येतात व तिथे कथलाने जोडलेले असतात. ते कथील म्हणजे सोल्डर. कारखान्यातले सोल्डर चिवट असते, लवकर वितळत नाही. ते काढायचे तर आधी त्यावर दुकानातले नरम सोल्डर घालावे लागते. नवे लगेच वितळते आणि जुन्याला सोबत घेते. मग दोन्ही एकदम पंपाने ओढून घ्यायची. काढायला बसायचे आणि आधी भर घालायची, हे नव्या माणसाला पटत नाही. हवालदारांनाही पटले नाही. उरलेले सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपून घेतात. सगळ्या पायांत एक पाय असा असतो की त्याची जोड बोर्डाच्या मोठ्या तांब्याच्या थराशी असते. तो सगळी धग पिऊन टाकतो आणि सुटत नाही. त्याच्यावर सोल्डरची तापलेली सळई जास्त वेळ धरावी लागते. फार वेळ धरले की भोकाभोवतीची चकती उठते. उठलेली चकती पुन्हा बसत नाही.

दुकानातला दुसरा नियम सांगणे जरूर आहे. काम पुरे झालेली वस्तू फडताळावर सुलटी ठेवायची. काही बाकी असेल तर पालथी. सुरुवातीला आम्ही चिठ्ठ्या लावत होतो. पंख्याने त्या उडत आणि एकाच्या रेडिओची चिठ्ठी दुसऱ्याच्या टीव्हीवर जाऊन बसे. तेव्हा माझ्या नवऱ्याने ठरवले की चिठ्ठी उडते, पालथा डबा उडत नाही. एखादे गिऱ्हाईक वस्तू सारखी मागायला लागले की ते म्हणत, "पालथ्या घड्यावर पाणी किती ओतणार साहेब? सुलटा झाला की स्वतः हाक मारतो." हा नियम आम्हा दोघांचा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता.

टेलर यांचे दुकान आमच्यापासून चौथे. त्यांच्या पत्नीचा उजवा हात व उजवा पाय गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्याने गेले. त्यापूर्वी दुकानातली सगळी हातशिलाई त्या करीत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने डावा हात चालता ठेवा, मन रमेल असे काही द्या, असे सांगितले होते. म्हणून टेलर कुठूनतरी जुना गेमचा डबा घेऊन आले. पण तो खेळायला दोन हात लागतात. गेल्या महिन्यात, पाच तारखेला ते डबा घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, हिला एका हाताने गाडी पळवता येईल असं काहीतरी करा. दोन्ही हात चांगले होते तेव्हा मला पळवलं. आता जरा गाडीला पळू दे."

माझे यजमान म्हणाले, "करू की. आधी वहिनी काढतील, मग मी लावीन."

काम असे ठरले की डब्याला कंट्रोलर जोडायचे जे तोंड असते ते बोर्डावरून काढायचे, तिथे एक लहान चिप बसवायची आणि तिथून लांब वायर बाहेर आणून पलंगाला लावलेल्या फळीवरच्या सहा मोठ्या बटणांना जोडायची. बटणे बशीएवढी. डाव्या हाताचा तळवा नुसता टेकला तरी दबावीत अशी.

गुरुवारी, सहा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मी ते तोंड काढायला घेतले. त्याला नऊ पाय होते. आठ पाय व्यवस्थित मोकळे झाले. नववा थराला जोडलेला होता. त्यावर नवे सोल्डर घालून मी धरून बसले होते. तेवढ्यात मागून माझे यजमान म्हणाले, "ऐक ना. पाठीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय." मी मागे पाहिले. माझा हात कामावर हलत नाही, त्या वेळी हलला. सोल्डरचा एक थेंब दोन जोडांच्या मध्ये पडला. तो मला त्या वेळी दिसला नाही. मी त्यांना पाणी दिले. ते म्हणाले, "काही नाही, बसून बसून झालंय." तोंड सुटून आले. मी बोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

बारा ते दोन त्यांनी चिप व तारा लावल्या. मध्ये मध्ये थांबत होते. त्यांनी लावलेले सगळे जोड चांगले आहेत. आज मला ठाण्यात तो बोर्ड दाखवण्यात आला, त्यावर ते आजही चांगले आहेत.

दोन वाजता वीज देऊन पाहिली तर बटणांकडे जाणारा फ्यूज उडाला. मी भिंग घेऊन पाहिले तेव्हा तो थेंब सापडला. तो काढला. हा फ्यूज बोर्डावरच असतो, तिळाएवढा. बाहेरच्या वायरीत काही बिघाड झाला तर आपण जळून वीज तोडणे एवढेच त्याचे काम. त्या मापाचा फ्यूज आमच्याकडे नव्हता आणि सुट्या भागांचे दुकान गुरुवारी बंद असते. बाकीचे काम बरोबर झाले आहे की नाही एवढे तपासायला मी जळका फ्यूज काढला व त्या जागी बोटाच्या पेराएवढी तार लावली. एरवी लावायचे काम त्यांचे. ते स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते म्हणून मी लावली. लगेच काढायचीच होती म्हणून सोल्डर नीट धरावे म्हणून लावतात तो चिकट फ्लक्स जोडावरून पुसला नाही, पक्क्या कामावर लावतो ती पिवळी पट्टीही चिकटवली नाही. सहाही बटणे चालली.

त्यांनी विचारले, "चालतंय?"

मी म्हटले, "चालतंय. फ्यूजच्या जागी तार आहे. उद्या बदलते."

ते म्हणाले, "पालथा ठेव."

मी डबा बंद करून पालथा ठेवला. दुकानातले त्यांचे शेवटचे बोलणे ते होते. सव्वातीन वाजता त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले. रविवारी, नऊ तारखेला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ते गेले. त्याबद्दल या जबाबात मला काही सांगायचे नाही.

नंतरचे काही दिवस घरी माणसे येत होती. मागची खोली लहान, म्हणून बसणे दुकानात होते. सोमवारी सकाळी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी दुकान आवरले. टेबल बाजूला घेतले, फडताळ पुसले व त्यावरच्या अकरा वस्तू सुलट्या करून ओळीने लावल्या. सात आधीच सुलट्या होत्या, चार पालथ्या. लोकांना पसारा दिसू नये हा त्यांचा हेतू होता व तो चांगला होता. मी पडद्यापाशी बसून ते बघत होते. मला दिसले. मी काही बोलले नाही. कुठली वस्तू कशी ठेवली आहे याचे मला सोयरसुतक राहिले नव्हते. पुढे कधीतरी त्या चार पुन्हा पालथ्या करता आल्या असत्या. कोणत्या चार ते मला आठवले असते. मी आठवायला बसले नाही.

बुधवारी, सव्वीस तारखेला दुपारी चारच्या सुमारास माझा दीर दुकानात बसला होता. त्याची नोकरी गोदामात आहे. त्याला दुरुस्ती येत नाही. लोकांच्या तयार वस्तू पडून होत्या त्या परत द्यायला तो सुट्टी घेऊन बसत असे. त्याने आत हाक मारली.

"वहिनी, टेलर आलेत. त्यांचा गेमचा डबा झालाय का?"

मी कपाटातले शर्ट बाहेर काढत होते. मी विचारले, "सुलटा आहे का पालथा?"

तो म्हणाला, "सुलटा आहे."

मी म्हटले, "मग दे."

एवढेच बोलणे झाले. मी उठून बाहेर गेले नाही. दिराने मला विचारल्याशिवाय डबा दिलेला नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. जाऊबाईंनी जे केले त्याबद्दलही सांगते की ज्याला नियम माहीतच नाही त्याने तो मोडला असे होत नाही. नियम दोन माणसांचा होता. त्यातले एक गेले होते आणि दुसऱ्याने "मग दे" म्हटले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी टेलर मला भेटायला आले. दारातच उभे राहून म्हणाले, "वहिनी, अशा वेळी सांगू की नको कळत नाही, पण सांगतो. हिने काल पहिली शर्यत पुरी केली. शेवटून पहिली आली." मी म्हटले, "पुरी केली ना." ते म्हणाले, "केली. वर मला म्हणते, रस्त्यात एक गाय सुद्धा नाही, कसली मेली शर्यत." ते हसले. मीही हसले असेन. त्या वेळी मी फ्यूजचा विचारही केला नाही. त्या वेळी आठवण झाली असती तर पाच मिनिटांचे काम होते.

आगीच्या दिवशीची माझी माहिती ऐकीव आहे. दुपारी चारच्या पुढे टेलर अस्तराचे कापड आणायला बाजारात गेले. बाई खेळत होत्या म्हणून त्यांनी डबा चालू ठेवला. शेजारीण अधूनमधून डोकावत असे. ती त्या दिवशी पाणी भरत होती. टेलर चाळीस मिनिटांनी परत आले. बाईंना स्वतः उठता येत नव्हते. यापुढचे पंचनाम्यात आहे, ते मी येथे पुन्हा सांगत नाही.

सोमवारी दीर ठाण्यातून घरी आला तो हातपाय न धुताच बोलायला लागला. त्याचे बोलणे जसेच्या तसे देते.

"वहिनी, सुटलो आपण. मला विचारलं, डब्याचं काम कोणी केलं? मी सांगितलं, लावायचं काम दादाचं, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण त्याची पण गरज पडणार नाही. टेलर माझ्या आधी बसला होता. त्यानेच स्वतःवर घेतलंय."

मी विचारले, "काय घेतलंय?"

"म्हणाला, स्विच चालू ठेवून मी गेलो, बायकोला मी मारली. सही पण केली खाली."

"मग सुटले कोण?"

"आपण. आणि त्याला काही पोलीस धरत नाहीत. नुसतं म्हणणं आहे ते त्याचं."

"ते म्हणणं त्याला आयुष्यभर पुरेल."

मग मी दिराला तारेचे सांगितले. तोपर्यंत हे मी कोणाला सांगितलेले नव्हते, स्वतःलाही नीट सांगितले नव्हते. त्याने उठून पुढचे दार लावून घेतले. नंतर म्हणाला, "तार लावली असेल तर दादाने लावली असेल, असंच सगळे धरतील. जाऊ दे ना त्याच्या नावावर. गेलेल्या माणसाला कोण बेडी घालतंय?"

मी म्हटले, "त्यांचं नाव दारावर आहे."

"दारावरची पाटी काढून टाकू."

"आणि मग माझ्याकडे काय राहिलं?"

जाऊबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, "ताई, सुलटं तर मीच केलं. माझं नाव सांगणार का तुम्ही?" मी म्हटले, "जे झालं ते सगळं सांगणार. त्यात तूही येशील, पण दोष म्हणून नाही." दीर म्हणाला, "वहिनी, चार बुकं वाचलीत म्हणून हे सुचतंय तुम्हाला. न वाचणारी बाई गप्प बसली असती." मंगळवारचा दिवस मी त्यावर विचार केला. त्याचे म्हणणे चूक असेल असे नाही.

आज हवालदारांनी मला अग्निशमन दलाचा कागद दाखवला. त्यात 'एक्स्टेन्शन बोर्डावरील जादा भारामुळे शॉर्टसर्किट' असे कारण आहे. मी तो दोनदा वाचला. मला ते मान्य नाही. त्याच कागदात लिहिले आहे की टीव्ही व डबा ठेवलेले कपाट काळे पडले पण जळाले नाही, आणि सगळ्यात जास्त जळाली ती पलंगाच्या पायथ्याकडची बाजू. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटामागे होता. आग तिथे सुरू झाली असती तर आधी कपाट गेले असते. पलंगाला चाके आहेत. बटणांची वायर पलंगाखालून जात होती. चाक वायरीवर आले असावे, आतल्या दोन तारा एकमेकींना भिडल्या असाव्यात. अशा वेळी तिळाएवढा फ्यूज जळून वीज तुटते, गेम बंद पडतो, गिऱ्हाईक डबा घेऊन दुकानात येते आणि आपण त्याला म्हणतो, पलंग वायरीवर कशाला सरकवलात? इथे फ्यूज नव्हता. तार जळत नाही. वीज वाहत राहिली, वायर तापत गेली आणि गादी वायरीला टेकलेली होती. हा माझा अंदाज आहे, मी पाहिलेले नाही. डबा तज्ज्ञाकडे पाठवावा.

माझ्या विनंतीवरून साहेबांच्या समक्ष सीलबंद पिशवी उघडून मला बोर्ड दाखवण्यात आला. मला टेबलावरचा दिवा व भिंग देण्यात आले. तार आहे त्या जागी आहे. दोन्ही टोकांना फ्लक्स तसाच आहे, काजळी त्यावर चिकटून बसली आहे. पिवळी पट्टी नाही. माझ्या नवऱ्याने बावीस वर्षांत एकही जोड न पुसता सोडला नाही. ती तार मी लावली आहे. हे दुसऱ्या कोणाच्या हातचे आहे असे कोणी सांगितले असल्यास ते खोटे आहे.

साहेब म्हणाले, "बाई, अग्निशमनवाल्यांनी लिहून दिलंय, टेलरने लिहून दिलंय. अपघात म्हणून कागद बंद होतोय. तुम्ही कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता? घरी जा, विचार करा."

मी सांगितले की विचार काल झाला.

ते म्हणाले, "यातून तुम्हाला काय मिळणार?"

मी सांगितले की मला काही नको. टेलर यांच्या जबाबात 'बायकोला मी मारली' असे जे वाक्य आहे ते काढून टाकावे. त्यासाठीच मी आले आहे. साहेबांनी सांगितले की सही झालेल्या जबाबातले वाक्य काढता येत नाही. मी विचारले की निदान माझा कागद त्यांच्या कागदाच्या वर लावता येईल का, म्हणजे जो कोणी फाईल उघडेल तो आधी हे वाचेल. हवालदार म्हणाले की कागद तारखेप्रमाणे लागतात. टेलर यांचा सोमवारचा आहे, माझा आजचा.

दुपारी अडीच वाजता टेलर पंचनाम्याची प्रत घ्यायला ठाण्यात आले. मापाची फीत गळ्यात तशीच होती. मला पाहून ते थांबले. साहेबांच्या परवानगीने हवालदारांनी त्यांना माझ्या जबाबातला तारेबद्दलचा भाग वाचून दाखवला. टेलर उभे राहूनच ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "केवढी तार?"

मी बोटाचे पेर दाखवले.

ते म्हणाले, "दादा गेल्यावर सुद्धा वहिनींनी माझं काम अडकवून ठेवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो."

मी म्हटले, "तुम्ही स्विच चालू ठेवलात त्यात काही चूक नव्हती. चालू ठेवायलाच तो डबा दिला होता. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. हे सांगायला आले मी."

टेलर खाली बघून बोलले. ते बोलले ते असे, "मी अस्तराच्या दुकानात होतो. दोन तुकडे होते. एक राखाडी, दुसरा त्याहून जरासा फिका राखाडी. मला ठरवता येईना. ती हाका मारत असेल तेव्हा मी दारात उभा राहून ते दोन तुकडे उजेडात धरून बघत होतो. दुकानदार म्हणाला, कोण बघतंय आतलं अस्तर, कुठलंही घ्या. तरी मी बघत राहिलो. वहिनी, तुमची तार तुमच्या कागदात गेली. हे कोणाच्या कागदात जाणार?"

हवालदार म्हणाले की त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही.

टेलर म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

त्यांनी प्रत घेतली, सही करायची होती तिथे केली आणि ते गेले. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले. हवालदारांनी विचारले की हे 'वाटले' लिहायचे का. मी लिहायला सांगितले.

टेलर यांचे हे बोलणे दुसरीकडे कुठेही नोंदलेले नाही. म्हणून ते माझ्या जबाबात घ्यावे अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. यापुढे तपासासाठी बोलावल्यास मी हजर राहीन. दुकान बंद आहे, पण मी मागेच असते.

हा जबाब हवालदार वाचून दाखवायला लागले तेव्हा मी कागद मागून घेतला व स्वतः वाचला. एका ठिकाणी 'चुकून राहिलेली तार' असे लिहिले होते. 'चुकून' हा शब्द मी काढायला लावला. तिथे माझी सही आहे. बाकीचे माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. त्यात टेलर यांचे जे बोलणे आहे ते त्यांना वाचून दाखवता आले नाही, कारण ते निघून गेले होते. ते बरोबर आहे, असे त्यांच्या वतीने मी सांगते.